धूर मारायचं यंत्र

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घ्यायची असली की मला सोडून सगळे दुकानात जातात.

म्हणजे मला कोणी तोंडावर नको म्हणत नाही. 'तुम्ही घर राखा' एवढंच म्हणतात. परवा आमच्या मुलाने पुण्याच्या फ्लॅटमध्ये हवा साफ करायचं यंत्र आणलं. सुनेने दुकानदाराला भंडावून सोडलं, मुलाने मोबाइलवर जगभरच्या लोकांची मतं वाचली, आणि ज्याने सबंध पंचक्रोशीत असलं यंत्र पहिल्यांदा घरात आणलं तो मी खाली पार्किंगमध्ये गाडी राखत बसलो होतो! त्या पहिल्या यंत्राची गोष्ट आमच्या मंडळींनी सुनेला लग्नानंतर लगेच सांगून ठेवली आहे. ती आता माझ्या तोंडून ऐका. (दोन्हींत फरक एवढाच, की मंडळींच्या गोष्टीत मी जरा जास्त मूर्ख आहे.)

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होतो. उसाची गाडी आली की ती काट्यावर घ्यायची, भरल्या गाडीचं वजन करायचं, ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं करायचं. दिवसभर हेच. असं काम करता करता माणसाच्या डोक्यात एक तत्त्वज्ञान तयार होतं. माझं असं झालं होतं की जगात जड ते खरं आणि हलकं ते खोटं.

बाजारात कुठलीही वस्तू घेताना माझी परीक्षा ठरलेली असे. आधी वस्तू उचलून बघायची. मग बोटाच्या पेरांनी वाजवून बघायची. शेवटी किल्लीने कोपऱ्यात जरासं खरवडून आत कुठला धातू आहे ते बघायचं. कपाट, कंदील, सायकल, पाण्याचा बंब, सगळ्याला हीच परीक्षा. उंब्रजच्या बाजारातले भांडीवाले मला लांबून बघूनच दुकानातल्या पातेल्यांवर पोतं टाकत.

या परीक्षेपायी मी एकदा भलताच गोत्यात आलो होतो. माझे सासरे कुंडलचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा, आवाज आणि राग, तिन्ही शिलकीत राहिलेले. त्यांनी लग्नात मला पितळेचं घंगाळ दिलं आणि मी ते भर मांडवात, पाहुण्यांच्या देखत, सवयीने वाजवून बघितलं. घंगाळ चांगलंच होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा पातळ वाटतंय." त्या दिवसापासून सुभेदार मला 'पावणं' म्हणताना मध्येच थोडं थांबायला लागले.

आता मुख्य गोष्ट. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमच्या मंडळींना, म्हणजे सुमनला, खोकला लागला. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागे, परसात, वेगळं काढलेलं होतं. मातीच्या भिंती, वर कौलं, परसाकडे उघडणारं एक दार, कोपऱ्यात मोरी आणि चुलीच्या वरच्या अंगाला एक झरोका. पण त्या झरोक्यातून मांजर दुधावर यायचं, म्हणून आईने तो विटा रचून बुजवून टाकला होता. चुलीत उसाचं पाचट आणि ओली चिपाडं. चूल पेटली की आत गेलेलं माणूस नुसतं आवाजावरून ओळखावं लागे. आई त्यात उभा जन्म राहिली होती. तिला धूर लागत नसे. सुमन मात्र भाकरी थापताना एक थाप मारायची आणि दोनदा खोकायची.

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे तो धूर बंद करा. सांगलीला आता धूर ओढून बाहेर टाकणारे पंखे मिळतात. हवा साफ राहते."

मी 'बघू बघू' म्हणत राहिलो. तेवढ्यात सुभेदार लेकीला भेटायला आले, तिचे लाल डोळे बघितले, आणि तिची पत्र्याची पेटी स्वतः उचलून एसटीत ठेवली.

"पावणं," ते म्हणाले, "धूर हाय तवर लेक न्हाई. यंत्र आणा. मी सोता यिऊन बघीन. धूर गेला तर पेटी आत. न्हाई गेला तर पेटी माघारी कुंडलला. मग तुमी आन तुमचा धूर."

सुमन गेली आणि मला अजिबात करमेना. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही. काट्यावर बसलो तरी लक्ष लागेना. एकदा एका शेतकऱ्याच्या बैलजोडीसकट गाडीचं वजन धरलं. आई म्हणाली, "आरं, तिला आण, न्हाईतर तू तरी जा तिकडं. हितं दोघंबी निम्मं निम्मं नगा ऱ्हाऊ."

मी सांगलीची एसटी धरली.

सांगलीत एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कौतुकाने एक पंखा पुढे ठेवला. भिंतीत बसवायचा, गोल, पत्र्याची पाती. मी तो उचलला आणि माझं मन उतरलं. एका हातात आला!

"एवढंच वजन?" मी विचारलं.

"साहेब, पंखा आहे. वजन कशाला पाहिजे?"

मी वाजवला. टण्ण! पोकळ. किल्लीने खरवडला, तर रंगाखाली नुसता पत्रा. मजबुती बघायला एक पातं जरा दाबलं, तर ते वाकलं. सरळ करायला गेलो, तर दुसऱ्या बाजूला वाकलं. दुकानदाराने माझ्या हातून पंखा काढून घेतला आणि विचारलं, "तुम्हाला विकत घ्यायचाय का मोडून बघायचाय?"

"मला मजबूत पाहिजे," मी म्हणालो.

"मग पलीकडं अवजारांचं दुकान आहे तिकडं जा. नांगर घ्या."

तो मला टोमणा मारत होता. मला तो सल्ला वाटला.

पलीकडचं दुकान बघताच माझा जीव भांड्यात पडला. नांगराचे फाळ, पहारी, मोटेचं सामान, औषध मारायचे पंप. सगळा माल जडच जड. गल्ल्यावर एक जाडजूड मालक बसले होते. मी जाताच विचारलं, "मालक, धूर मारायचं यंत्र आहे का?"

(इथे वाचकांनी जरा थांबावं. ढेकूण मारायचं औषध म्हणजे ढेकूण मरतो. पण पिकावर औषध मारायचा पंप म्हणजे औषध मरत नाही, ते फवारलं जातं. मराठी भाषेची ही गंमत मला त्या दिवशी कोणी समजावली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

"हाय की," मालक म्हणाले. "नवंच आलंय. लय मागणी हाय ह्येला."

आणि त्यांनी आतून ते ओढत आणलं. ओढत! उचलून नव्हे. जाड लोखंडी डबा, त्याला झाकण, एका अंगाला बिडाची पेटी आणि हाताने फिरवायचा दांडा, दुसऱ्या अंगाला लांब पाईप. मी वाकून उचलायला गेलो तर कमरेत कळ आली. मला इतका आनंद झाला! वाजवून बघितलं तर भरीव ठप्प आवाज आला आणि माझंच बोट दुखलं. खरवडलं तर किल्ली वाकली. अशी वस्तू मी आयुष्यात बघितली नव्हती.

"ह्यात धूर कुठं साठतो?" मी विचारलं.

"ह्या डब्यात."

"आन मग?"

"मग दांडा फिरवला की ह्या पाईपातनं जातो. पार शेवटपतोर."

"लाइटची गरज न्हाई?"

"छ्या! लाइट कुठली आलीया तिथं?"

लाइट नको, हेही एक बरंच झालं. मी खुश. मालकही माझ्यावर खुश दिसले. त्यांनी आपुलकीने विचारलं, "लय तरास हाय का?"

"लय. बायको माहेरी निघून गेली."

"आरारा," मालक हळहळले. "बायामाणसं भ्यात्यात त्येला."

"भीत न्हाई. खोकला येतो तिला."

"खोकला?" मालकांनी कपाळाला आठी घातली. "ह्ये नवीनच ऐकतोय."

मग त्यांनी वापरायची रीत सांगितली. "आदी समदी भोकं लिंपून घ्या. एक बी भोक ठिवू नगा. मग पाईपचं तोंड आत सोडा. डब्यात भुसा पेटवा, त्येच्यावर मूठभर सुक्या मिरच्या. आन मग लांब हुभं ऱ्हाऊन दांडा फिरवा."

"मिरच्या कशाला?"

"त्येच्याबिगर भाईर येत न्हाईत."

(हे 'न्हाईत' अनेकवचन होतं. धूर एकवचनी असतो. व्याकरणात मी शाळेतही कच्चाच होतो.)

मिरच्यांचा मी क्षणभर विचार केला आणि मला ते पटलं. पाणी साफ करायला आपण पाण्यात तुरटी फिरवतो, काट्याने काटा काढतो, तसा हा धुराने धूर मारायचा. मी स्वतः काट्यावरचा माणूस, मला हे पटायला वेळ लागला नाही.

"आन गुण नक्की येतो ना?"

मालकांनी छातीवर हात ठेवला. "एकदा मारा. सगळं बिऱ्हाड भाईर न्हाई आलं तर यंत्र माघारी आणा."

यंत्र घेऊन मी एसटीत चढलो. कंडक्टरने विचारलं, "ह्ये काय हाय? हापसा?" मी अभिमानाने म्हणालो, "हवा साफ करायचं यंत्र." तो यंत्राकडे बघत म्हणाला, "मग जरा खिडकीपाशी बसा, लय उकडतंय." खाली ठेवलं तर कोणी पळवेल म्हणून सबंध प्रवास मी ते मांडीवर घेऊन बसलो. उंब्रजला उतरताना दोन्ही पाय मेलेले होते आणि चार माणसांनी आधी यंत्र उतरवलं, मग मला.

गावात बातमी पसरली. जो येई तो यंत्र उचलून बघे, वाजवून बघे आणि मान हलवून जाई. कशाला वापरायचं हे कोणीच विचारलं नाही. माझीच शिकवण होती ती! मला मात्र दांडा फिरवून बघायची फार घाई झाली होती. पण आईने हात धरला. "नव्या वस्तूला पावण्याच्या हातचा नारळ पायजे. इव्हायांनी येऊन नारळ फोडल्याबिगर हात लावायचा न्हाई." म्हणून यंत्राची हळदकुंकू लावून पूजा झाली आणि ते परसात, न वापरता, पोत्याखाली झाकून ठेवलं गेलं.

मी कुंडलला निरोप धाडला. सुभेदार आले. पांढरा स्वच्छ फेटा, कडक सदरा, हातात नारळ. मागे सुमन आणि तिची पेटी. पेटी सुभेदारांनी घरात जाऊ दिली नाही. परसात, लिंबाखाली ठेवली.

"आदी परीक्षा," ते म्हणाले.

सुमन त्या पेटीवरच बसली. खूप दिवसांनी ती मला दिसत होती. मी हळूच विचारलं, "बरी हायस ना?"

"बरी हाय," ती म्हणाली. "तुमी ह्ये काय आणलंय? पंखा आणणार हुता न्हवं?"

"पंखा फुसका असतो. ह्ये उचलून बघ."

"मी कशाला उचलू? ह्यानं धूर जाणार हाय का वजन करायचंय?"

हा प्रश्न तिने नारळ फुटायच्या आधी विचारला होता, हे ती आजतागायत सगळ्यांना सांगते.

सुभेदारांनी यंत्राला एक फेरी मारली. पाय लावून ढकललं, ते हललं नाही. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच थोडा आदर दिसला. नारळ फुटला. ते म्हणाले, "मी आत बसतो. ईनबाई, तुमी चूल पेटवा, च्या ठिवा. सगळा धूर होऊ द्या. मग पावण्यांनी यंत्र चालू करायचं. धूर गेलेला मी माज्या डोळ्यांनी बघणार."

मी म्हणालो, "मामा, समदी भोकं लिंपून घ्यावी लागतील."

"घ्या लिंपून. फौजेत आमी डोळं उघडं ठिवून असल्या लय परीक्षा दिल्यात."

मी दार बाहेरून ओढून कडी घातली. दाराच्या फटींना ओली माती लावली. कौलांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. झरोका आईने आधीच बुजवलेला होता, मी त्याच्या विटांनाही वरून एक हात माती फासली. मोरीच्या भोकातून पाईप आत सोडला आणि त्याच्याभोवतीही माती थापली. आत चूल पेटली होती. आई आतून ओरडली, "झालं का न्हाई रं? दिसंनासं झालं मला!" ही तर चांगलीच खूण होती. धूर भरपूर जमला होता.

डब्यात भुसा पेटवला. मूठभर मिरच्या टाकल्या. मग वाटलं, सुभेदारांसमोर परीक्षा आहे, हात कशाला आखडायचा? आणखी एक ओंजळ टाकली. झाकण लावलं आणि दांडा फिरवायला लागलो.

यंत्र काय सुरेख चालत होतं! कुरकुर नाही, खडखड नाही. मी सुमनला म्हणालो, "आवाज ऐक. ह्याला म्हणत्यात माल."

आतून खोकण्याचा आवाज आला. जोरात.

"आवं, आबा खोकतायत," सुमन म्हणाली.

"सुरवातीला धूर हलतो ना, मग यायचाच खोकला. उठवून भाईर काढायचाय त्याला." मी आणखी जोरात फिरवलं.

आतून दार बडवल्याचा आवाज आला. धाड धाड धाड.

"आवं, आबा दार वाजवतायत!"

"मजबुती बघतायत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. घंगाळाचा वचपा काढत असतील, असंही वाटलं. आईच्या शिव्याही ऐकू येत होत्या. पण आई मला रोजच शिव्या देत असे, त्यामुळे त्यातून वेगळा काही बोध झाला नाही.

सुमनने नाकाला पदर लावला. "आवं, मिरचीचा ठसका आला मला. मिरच्या कशात घातल्या तुमी?"

"यंत्रात."

"यंत्रात? आन पाईप कुठं गेलाय?"

"आत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाईपाकडे बघितलं, मोरीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. माहेरी राहून आलेल्या बायकोने एवढा वेळ आपल्याकडे बघावं, याचं मला बरं वाटलं. मी दांडा फिरवतच होतो.

"आवं, आमच्या शेतात आबा उंदराच्या बिळात असाच धूर मारत्यात, सुपानं वारा घालून," ती म्हणाली. आणि उठून दाराकडे धावली.

तेवढ्यात चुलीवरच्या भिंतीत दण्णकन आवाज झाला. झरोक्यातली पहिली वीट उडून लिंबाखाली पडली. दुसरी तिच्या मागून. मग तिथून मुसळाचं टोक बाहेर आलं. मुसळाच्या मागे सुभेदारांचं नाक आलं आणि त्याने एवढा मोठा श्वास घेतला की कडेच्या चिंध्या हलल्या.

सुमनने कडी काढली.

आधी धूर बाहेर आला, पिवळा, जाड. त्याच्या मागून आई, डोक्यावर पदर नाही, हातात चहाचं पातेलं. मग मांजर, जे दूध वाचावं म्हणून बाहेर ठेवलं होतं ते मुळात आतच होतं. मग खुराड्यातून आत शिरलेल्या दोन कोंबड्या. मग सुभेदार, मुसळासकट, डोळ्यांतून धारा, आणि पांढरा फेटा आईच्या हळदीच्या डब्यात पडून आल्यासारखा. आणि सगळ्यांच्या शेवटी, भिंतीच्या बुडातल्या बिळातून, एकामागून एक, लहानथोर, पोराबाळांसकट उंदीर.

सगळं बिऱ्हाड बाहेर आलं. सांगलीच्या मालकांचा शब्द खरा झाला. यंत्र परत करायला काही कारणच उरलं नाही.

माझा हात अजून दांड्यावर होता आणि तो आपोआप फिरत होता. सुभेदार माझ्यापुढे येऊन उभे राहिले. बोलायला त्यांना आवाज नव्हता. त्यांनी मुसळ डाव्या हातात घेतलं, उजव्या हाताची मूठ वळली आणि बोटाच्या पेरांनी माझं कपाळ वाजवलं. दोनदा. कान जवळ नेऊन नीट ऐकलं.

"पोकळ हाय," ते घशातून म्हणाले. "मांडवातच वाजवून घ्याया पायजे हुतं. सुमे, उचल पेटी."

हसू येण्यासारखं त्यात मला काहीच दिसत नव्हतं. यंत्र फसलं, मान गेला, त्याचं काही वाटलं नाही. पण सुमन वाकून पेटीची कडी धरत होती, ते मला बघवेना. मी खाली मान घातली.

आणि आई म्हणाली, "आगं बया. त्यो धूर बघा."

चूल अजून पेटलेलीच होती. तिचा धूर सरळ वर जात होता आणि फुटलेल्या झरोक्यातून, कोणाला काही न विचारता, आपल्या वाटेने बाहेर पडत होता. आतलं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ दिसत होतं की फडताळावरचे डबेसुद्धा दिसत होते.

सुभेदार झरोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्यो झरोका कुणी बुजवला हुता?"

"मांजर येतं वो दुधावर," आई म्हणाली.

मांजर आईच्या पायाशी अंग घासत होतं.

मग सुमनला हसू फुटलं. ती पेटीवर बसली आणि हसत सुटली, खोकत सुटली, पुन्हा हसली. "आबा, धूर गेला तर पेटी आत, आसं तुमीच म्हनला हुता."

"त्यो काय ह्येंनी घालवला?" सुभेदार माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मी घालवला. मुसळानं."

"कुणी का घालवंना. गेला न्हवं? आन आबा, मी माघारी आले तर आत्तींकडं कोण बघणार? हे परत त्यांना बिळातनं भाईर काढतील."

सुभेदार फौजेतला माणूस. दिलेला शब्द फिरवायचा नाही. त्यांनी पेटी स्वतः उचलली आणि घरात नेऊन ठेवली. येताना यंत्रापाशी थांबले. पायाने ढकललं. वाकून उचलून बघितलं. बोटाने वाजवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माल मातूर नंबरी हाय."

"न्हेता का मामा? तुमच्या उसात उंदीर लय झाल्यात म्हनत हुता," मी म्हणालो.

लेक ठेवून आणि यंत्र घेऊन सुभेदार कुंडलला गेले. त्या वर्षी त्यांच्या उसात उंदीर औषधाला राहिला नाही. कुंडलला आसपासच्या शेतांवरून लोक यंत्र मागायला येत. कुंडलात मला बराच मान मिळायला लागला. फक्त तो 'उंदीरवाल्यांचे जावई' म्हणून मिळे.

झरोक्याला आईने मांजरासाठी जाळी ठोकून घेतली. सुमनचा खोकला हळूहळू गेला. त्यानंतर बाजारहाट तिने आपल्या हातात घेतला, आणि मी घर राखायला लागलो, तो अजून राखतोच आहे.

परवा पुण्यात सगळे जेवणानंतर पडले होते. ते नवं यंत्र कोपऱ्यात बारीक घूं घूं करत होतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ते हळूच उचललं. सुपाएवढंही वजन नाही! बोटाने वाजवलं. टक. आत नुसती पोकळी. किल्ली काढणार एवढ्यात आतल्या खोलीतून सुमनचा आवाज आला.

"आवं. ठोकू नका त्याला. पोकळ वाजलं ना?"

"वाजलं."

"हवा साफ करतंय का?"

मी नाकाने ओढून बघितलं. सुनेने नुकताच लसणाचा ठेचा केला होता आणि त्याचा वाससुद्धा येत नव्हता. "करतंय," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या. पोकळ असून कामाची वस्तू ह्या घरात पहिल्यांदाच आलीया."